दोन हजार चेहरे आणि एक निरोप

रशियन कला-संयोजक सेर्गेई द्यागिलेव म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पॅरिस आणि बॅले येतात, पण मला विचाराल तर त्याने केलेलं सगळ्यात हळवं काम त्याच्या आधीचं आहे, 1905 सालचं सेंट पीटर्सबर्गचं पोर्ट्रेट प्रदर्शन.

1904 मध्ये हा माणूस रशियाभर खेडोपाडी फिरला, उमरावांच्या जुन्या वाड्यांमधून, आणि भिंतीवरची, माळ्यावरची, धूळ खात पडलेली तैलचित्रं मागून आणली. दोन हजारांहून जास्त! ती मांडली ताव्रिचेस्की राजवाड्यात, जो रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनच्या मर्जीतल्या पोत्योमकिनसाठी बांधलेला होता. पुतळ्यांचं दालन बाक्स्ट या चित्रकाराने झाडंबिडं लावून बागेसारखं सजवलं. उत्पन्न जपानशी चाललेल्या युद्धातल्या सैनिकांच्या विधवा आणि अनाथ मुलांसाठी. आणि वेळ बघा, जानेवारीत झारला अर्ज द्यायला निघालेल्या कामगारांवर त्याच शहरात गोळ्या झाडल्या होत्या, मार्चमध्ये हे प्रदर्शन उघडलं.

आता चित्रांकडे बघताना एक गोष्ट लक्षात ठेवायची, मला ती फार महत्त्वाची वाटते. या रुबाबदार सरदारांचे चेहरे रंगवणारे सगळे काही मोठ्या घरचे नव्हते, काही तर चक्क भूदास होते, म्हणजे मालकाच्या मालमत्तेतच त्यांची मोजदाद. निकोलाय आर्गुनोव हा शेरेमेत्येव घराण्याचा भूदास, आणि त्याने जिचं चित्र काढलं ती प्रास्कोव्या झेमचुगोवा, ती पण जन्माने त्यांचीच भूदास, पुढे मोठी गायिका झाली आणि 1801 मध्ये तिचा मालक काउंट शेरेमेत्येवने तिच्याशीच लग्न केलं, दोन वर्षांत ती गेली सुद्धा. आर्गुनोवला सुटका मिळाली 1816 मध्ये. लाल शाल घेतलेल्या तिच्या त्या चित्रासमोर उभं राहिलं की काढणारा आणि बसणारी दोघंही एकाच दाराने आत आलेली आहेत हे विसरता येत नाही, निदान मला तरी नाही.

द्यागिलेवला हे सगळं संपत आलंय हे फिरता फिरताच कळलं होतं. मॉस्कोत त्याच्यासाठी मेजवानी ठेवली तेव्हा तो बोलला की मी खिडक्यांना फळ्या ठोकलेले, मेलेल्या वैभवाने भीती वाटावी असे वाडे बघून आलोय, हा हिशोब पुरा होण्याचा काळ आहे, आपल्या हातून नवी संस्कृती जन्मेल आणि तीच आपल्याला वाहून नेईल. वय तेव्हा 33. हे म्हणताना त्याने ना रडगाणं गायलं ना शाप दिले, त्या नव्या संस्कृतीच्या नावाने पेला उंचावला.

प्रदर्शन संपलं, चित्रं घरोघरी परत गेली. आणि पुढच्या दोन वर्षांत शेतकऱ्यांच्या उठावात कित्येक वाडे जळाले, आतल्या चित्रांसकट. ती पीटर्सबर्गलाच राहिली असती तर वाचली असती, हे मला अजून टोचतं. पण त्या जाळणाऱ्यांच्या आज्या-पणज्या कोणाच्या मालकीच्या होत्या तेही आठवतं.

ताव्रिचेस्की राजवाड्यात 1906 मध्ये पहिली डुमा, म्हणजे रशियाची निवडून आलेली संसद, भरली. तिथे निवडून आलेले शेतकरीही येऊन बसले.