दाढ काढल्यावरची ती काळी गाठ

श्रोतेहो, नमस्कार.

दाढ काढून घरी गेलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? आरशासमोर आ वासतो. दाढेच्या जागी काळपट लाल गाठ दिसते. ती त्याला घाण वाटते. मग चूळ, पुन्हा चूळ, तरी हलली नाही तर जीभ, नाहीतर काडी. तिसऱ्या दिवशी तोच माणूस गालाला हात लावून माझ्या दवाखान्यात हजर. "डॉक्टर, दाढ काढताना दुखलं नाही एवढं आता दुखतंय. कानापर्यंत कळ जातेय."

त्याने उकरून टाकलेली ती गाठच त्याचं औषध होती.

दाढ निघाली की हाडात खळगा उरतो. तो रक्ताने भरतो, रक्त गोठतं आणि उघड्या हाडावर झाकण बसतं. दोन-तीन आठवड्यांत वरून हिरडी मिटत येते. खालचं हाड भरायला मात्र तीन-चार महिने तरी लागतात. झाकण मधेच उडालं तर हाड उघडं पडतं, तोंडाला वास येतो आणि झोप उडवणारा ठणका लागतो. याला आम्ही ड्राय सॉकेट म्हणतो. एरवी शंभरात दोन ते पाच जणांना हा त्रास होतो. खालच्या अक्कलदाढेत प्रमाण बरंच जास्त.

आता ही गाठ बांधणाऱ्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्तातले बारीक कण. हा शब्द आपल्याकडे डेंग्यूने घरोघरी पोचवला. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. रक्त थांबवणं एवढंच त्यांचं काम नव्हे. प्रत्येकीच्या पोटात बारीक पुरचुंड्या असतात आणि त्यांत पेशींची वाढ घडवणारी प्रथिनं. जखमेपाशी या पुरचुंड्या सुटल्या की दुरुस्ती करणाऱ्या पेशींना बोलावणं जातं.

मग त्या गाठीत प्लेटलेट्स आणखी दाट केल्या तर? 1998 साली अमेरिकेत रॉबर्ट मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्यात हाडाचं रोपण करताना हेच केलं, आणि पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजे प्लेटलेट्सनी दाट केलेला रक्तद्रव) हे नाव आमच्या क्षेत्रात गाजलं. रुग्णाचंच रक्त घ्यायचं, ते गोठू नये म्हणून त्यात औषध घालायचं, यंत्रात गरगर फिरवून प्लेटलेट्सचा थर वेगळा काढायचा आणि वापरताना पुन्हा गोठवायचा. या गोठवण्यासाठी सुरुवातीला गाईच्या रक्तातलं थ्रॉम्बिन वापरत. आधी गोठू द्यायचं नाही, मग मुद्दाम गोठवायचं, असा हा द्राविडी प्राणायाम!

2001 मध्ये फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी तो सोडवला. रक्तात काहीच मिसळायचं नाही. दहा मिलीच्या नळीत रक्त घ्यायचं आणि लगेच यंत्रात लावायचं. मिनिटाला सुमारे 3000 फेरे, दहा मिनिटं. तळाशी लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मधे सायीसारखा लवचिक गोळा. तोच खळग्यात ठेवून वरून टाका घालायचा. हे पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना होणाऱ्या धाग्यांच्या जाळ्यात अडकलेल्या दाट प्लेटलेट्स). दवाखान्यात पुष्कळदा यालाही सरसकट पीआरपीच म्हणतात. रक्त काढल्यावर गप्पा मारत बसलं तर ते नळीतच गोठतं, म्हणून इथे हात चपळ हवेत.

उपयोग किती? खालच्या अक्कलदाढेनंतर ड्राय सॉकेट कमी होतो आणि सुरुवातीचं दुखणं सौम्य राहतं, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. हाड लवकर भरतं का, याबद्दल मात्र निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून माझा सल्ला सरळ आहे. हलणारा दात काढताना यावर पैसे घालवू नका. अक्कलदाढ हाडात खोल रुतलेली असेल, तर डॉक्टरांशी जरूर बोला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

आणि तंबाखू, मिश्री, विडी? त्यांच्यापुढे पीआरएफचं फारसं काही चालत नाही. दाढ काढायच्या आदल्या दिवसापासून आठवडाभर तरी त्यांना हात लावू नका.

दाढ काढल्यावर कापसाची घडी अर्धा-पाऊण तास दाबून ठेवा. लाळ गिळा, थुंकत बसू नका. पहिले चोवीस तास चूळ नाही. नंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात नुसतं धरा आणि मान वाकवून आपोआप पडू द्या. कुणी भेटायला येताना शहाळं आणलंच, तर स्ट्रॉ बाजूला ठेवा आणि पाणी भांड्यात ओतून घ्या. स्ट्रॉने ओढलंत की ती गाठही ओढली जाते.

नमस्कार.