गॅदरिंगमधला आदिवासी

या वाटीत काजळ आहे, खोबरेल तेल आहे अन् थोडा कोळशाचा भुगा. केळापूर तालुक्यातलं गाव, संध्याकाळी गॅदरिंग, सातवी-आठवीचे पोट्टे रांगेत उभे आणि ताई बोटं बुडवून एकेकाचं तोंड काळं करतायत, मग हात, मग पोट, वरून चुन्याचे ठिपके. कमरेला सुतळीनं बांधलेला पाला, डोक्यात कोंबडीचं पीस, थर्माकोलच्या भाल्याला चांदीचा कागद. कार्यक्रमाच्या यादीत 'आदिवासी नृत्य' लिहिलंय, अन् गाणं लागलं की हुर्र हुर्र.

वाईट हेतू इथं कोणाचाच नाही. बसवणाऱ्या मॅडमनी जीव ओतलाय, टाळ्या पण खूप पडल्या. पण पुढच्या सतरंजीवर बघा, पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, पोरं बसलीयेत. यांच्या घरी पाला कोणीच नेसत नाही, बाप शर्ट-पँट घालून कापूस वेचायला जातो. मग स्टेजवर हे कोणाला नाचवलंय?

गावात विचारलं की एकच उत्तर मिळतं, घुसाडी पण तर अंगाला फासतात! हो, फासतात, हे बघा. दिवाळीची दंडार आहे, म्हणजे गोंड आदिवासींचा नाचणारा जथा, अन् त्यात व्रत धरून नाचणारे ते घुसाडी. उघड्या अंगावर राख, खांद्यावर कातडं, हातात काठी, आणि डोक्यावर हा मोरपिसांचा टोप, शेकडो पिसं एकेक करून बांधलेली, टोपाची आधी पूजा होते मग तो डोक्यावर चढतो. राख एकदा लागली की व्रत संपेपर्यंत आंघोळ नाही. ढोल, तुडुम, पेपरे वाजतात, दंडार एका गावातून दुसऱ्या गावात जाते, तिथले लोक पाहुण्यासारखं जेवू घालतात. पलीकडे तेलंगणातल्या मारलवाईचे कनक राजू, घुसाडी शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, 2021 ला पद्मश्री मिळाली. इथं राख फासणारा स्वतःच्या देवासाठी फासतो, आणि बघणारे त्याचेच सोयरे आहेत. मॅडमच्या वाटीतला रंग दुसऱ्याची कातडी म्हणून लागतो, माझ्या मते सगळा फरक इथंच आहे.

बाहेर पण हेच झालंय. अमेरिकेत 1830 च्या आसपास गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला लावून काळ्या गुलामांची नक्कल करायचे, लोक तिकीट काढून हसायचे. पुढे कॅनडाचे पंतप्रधान झालेले ट्रूडो शाळेत शिक्षक होते तेव्हा, 2001 मध्ये, अरेबियन नाइट्सच्या पार्टीत तोंड रंगवून गेले, फोटो 2019 च्या निवडणुकीत बाहेर आला. हेतू पार्टीचाच होता, तरी माफी मागावी लागली.

आपल्या 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्यात अपमानाच्या कलमाला हेतू लागतो, ते कोर्टासाठी बरोबरच आहे, कोणी मॅडमला जेलात टाका म्हणत नाहीये. पण गुन्हा झाला नाही म्हणून सतरंजीवरच्या पोराला लागलंच नाही असं कसं म्हणता? वर्गात त्याला दुसऱ्या दिवसापासून हुर्र हुर्र म्हणून हाक मारतात.

घुसाडीचा टोप व्रताचा, तो मागू नका. ढेमसा हा गोंडांचा दुसरा नाच मात्र बाया-माणसं, लेकरं सगळेच नाचतात. गॅदरिंग जानेवारीत असतं, तोवर दंडारवाले मोकळे झालेले असतात, त्यांना मानानं बोलवा, जे शिकवतील ते शिका, अन् पोडावरच्या पोराला त्यात नाचायचंय का ते त्यालाच विचारा.