सगळ्या गायी तिकडंच कामून बघतेत?
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : सकाळचा वर्ग. कागदावर कोळशाची कांडी घासल्याचा आवाज. नंतर डाँकींची रांग.]

कलाशाळेत एक लाकडी बाक असतो. त्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि समोर ड्रॉइंग बोर्ड टेकवायचा. त्याला म्हणतात डाँकी. पहिल्या दिवशी हा शब्द ऐकला की अख्खा वर्ग हसतो. खिडकीपासून तिसऱ्या डाँकीवर जे बसलेत, ते हसले नव्हते. त्यांना हा शब्द आधीपासून ठाऊक होता. १९९३ च्या पावसाळ्यात ते असल्याच एका डाँकीवर बसत होते. साडेतीन महिने.

वर्गातली बाकीची मुलं सोळा-सतरा वर्षांची. हे अठ्ठेचाळीस. मुलं त्यांना काका म्हणतात. गावाकडे, औसा तालुक्यात, त्यांना लहानथोर सगळे पेंटर म्हणतात. आम्हीही पेंटरच म्हणणार आहोत. त्यांचं तसंच म्हणणं आहे.

[दृश्य : उजवा हात, अगदी जवळून.]

हा हात नीट बघा. पेन्सिल चालतेय, पण करंगळी कागदावर घट्ट रोवलेली आहे. भिंतीवर, पत्र्यावर अक्षर काढताना ब्रश हलू नये म्हणून लागलेली ही सवय. मागून सर येतात, वयानं पेंटरपेक्षा लहान, आणि हळूच सांगतात, "करंगळी उचला, पेंटर. रेघ खांद्यातून येऊ द्या." करंगळी उचलली जाते. पाच मिनिटांनी पुन्हा टेकते.

[दृश्य : रस्त्याकडेची जुनी भिंत. विटलेली अक्षरं.]

लातूरहून किल्लारीकडे जाताना ही भिंत लागते. रंग उडालाय, पण अक्षर अजून वाचता येतं. पेंटरच्या हातचं आहे. त्यांनी तिथंच उभं राहून आम्हाला सगळी कृती करून दाखवली. ती आम्ही मुद्दाम कापलेली नाही. भिंतीवर अक्षर कसं उभं राहतं, हे हातानं सांगू शकणारी माणसं आता आपल्याकडे थोडीच उरली आहेत.

आधी भिंत खरवडायची. चुन्याचा हात मारायचा. तो वाळला की सुताची दोरी निळीत घोळवायची. एक टोक हाताखालच्या पोराकडे, दुसरं आपल्याकडे. दोरी ताणायची, मधोमध चिमटीत धरून ओढायची आणि सोडायची.

[आवाज : दोरीचा फटका. दोनदा.]

ही पडली शिरोरेषा. तिच्याखाली मापानं दुसरी रेघ. अक्षर या दोघींच्या मधे. नवशिका डावीकडून लिहीत सुटतो आणि शेवटचं अक्षर भिंतीच्या कोपऱ्यात चेंगरून बसतं. पेंटर आधी अक्षरं मोजतात. काना-वेलांटीला किती जागा जाईल ते बोटांनी धरतात. मधलं अक्षर भिंतीच्या बरोबर मधे टाकतात आणि तिथून दोन्हीकडे सरकतात. खडूनं आखणी. चपट्या ब्रशनं भरणी. सगळ्यात शेवटी बारीक गोल ब्रशनं कड. अक्षराला सावली द्यायची असेल तर ती उजवीकडे, खाली. ऊन कुठूनही येवो, सावली उजवीकडेच.

"कड मारल्याबिगर पैशाला हात लावायचा नाही," पेंटर म्हणतात.

किराणा दुकानं, कृषी सेवा केंद्रं, ट्रॉलीच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा गावोगावच्या घोषणा. सगळं या हातानं लिहिलेलं आहे.

[दृश्य : किल्लारीचा स्मृतिस्तंभ.]

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं उद्ध्वस्त झाली. पेंटर त्या रात्री तीनशे किलोमीटर दूर होते, तेव्हाच्या औरंगाबादेत, भाड्याच्या खोलीवर. बातमी कळली तसे निघाले. बोर्ड आणि पेन्सिली खोलीवरच राहिल्या.

[निवेदन नाही. स्मृतिस्तंभ, वारा. १५ सेकंद.]

पुढे पुनर्वसनात नवी गावं उभी राहिली. एकासारखं एक घर. घरांवर नंबर टाकायला कुणीतरी सरळ हाताचा माणूस हवा होता. पेंटर हे नाव तिथं पडलं.

[दृश्य : पत्र्याची पेटी उघडते. पुठ्ठ्याचे फर्मे.]

मग फ्लेक्स आलं. दोन तासांत बोर्ड छापून मिळायला लागला, फोटोसकट. पेंटरकडे उरलं ते शाळांचं काम, बोलक्या भिंती. पाढे, बाराखडी, फळं, पक्षी. त्यासाठी त्यांनी हे पुठ्ठ्याचे फर्मे कापून ठेवले होते. मोराचा, आंब्याचा, हत्तीचा, गायीचा. फर्मा भिंतीवर धरायचा, कडेनं खडू फिरवायचा, आत रंग भरायचा. एका दिवसात अख्खी भिंत.

जिल्हा परिषदेच्या एका शाळेत असंच काम चालू होतं. दुसरीतली एक मुलगी बराच वेळ मागे उभी होती. तिनं विचारलं, "काका, तुमच्या सगळ्या गायी तिकडंच कामून बघतेत?"

फर्मा एकच होता. गाय कायम डावीकडे बघायची. पेंटरनी फर्मा उलटा धरला, एक गाय उजवीकडे वळवली. पोरगी म्हणाली, "आता आपल्याकडं बघणारी काढा."

ती काही निघाली नाही. पेंटर सांगतात, त्या संध्याकाळी काम संपल्यावर ते शाळेच्या मागच्या भिंतीवर खडूनं समोरून बघणारी गाय काढत बसले होते. काढायची, पुसायची. अंधार पडेपर्यंत.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला शिकवायला अंशकालीन निदेशक असावा, असं लिहिलेलं आहे. दुसरीतल्या त्या मुलीसाठी मात्र चित्रकलेचा माणूस म्हणजे भिंत रंगवायला आलेले पेंटरच होते. तिनं विचारलं ते म्हणूनच त्यांना विचारलं.

[दृश्य : कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी. एकेक कागद टेबलावर.]

फाउंडेशन, म्हणजे कलाशिक्षणाचा मूलभूत अभ्यासक्रम. दहावीनंतरचा, एका वर्षाचा. त्याच्या पुढे चित्रकला शिक्षकाचा ए.टी.डी., नाहीतर जी.डी. आर्ट ही कलेची पदविका. जिथं सोडलं होतं तिथूनच धरायचं, असं पेंटरनी ठरवलं. आणि मग कागद गोळा करायला लागले.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला १९९३ मध्येच प्रवेशाबरोबर जमा केलेला. तो आता मिळणार कुठं? गावातली जुनी शाळा भूकंपात पडलेली, पण जनरल रजिस्टर पत्र्याच्या पेटीत होतं, ते वाचलं. त्यातून निर्गम उतारा काढला. दहावीचं प्रमाणपत्र दुबार मागवलं. इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेचं मात्र जपून ठेवलेलं होतं, हे बघा, बी श्रेणी, घडीवर फाटलेलं. आधार कार्डावर नाव एका तऱ्हेनं, उताऱ्यावर दुसऱ्या. त्याचं वेगळं शपथपत्र. या सगळ्यात अडीच महिने गेले. तहसीलला सात खेपा झाल्या. भिंती रंगवायच्या दिवसांतच.

शेवटचा कागद गॅप सर्टिफिकेटचा. शिक्षणात खंड पडला तर तो का पडला, हे स्टँप पेपरवर लिहून द्यावं लागतं. तहसीलबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे त्याचा मजकूर तयारच असतो, फक्त नाव आणि वर्षं बदलायची. खंड १९९३ ते २०२४. कारणाच्या जागी आधीच छापलेलं होतं : "घरगुती अडचणीमुळे."

पेंटरनी ते तसंच राहू दिलं. सही केली.

[दृश्य : सही. त्याखालचा शिक्का. १० सेकंद शांतता.]

[दृश्य : वस्तुचित्राचा तास. माठ, तांब्या, मागे चादरीचा पडदा.]

फाउंडेशनच्या वर्गात पहिले कित्येक आठवडे हेच चालतं. माठ, तांब्या, चादरीची घडी. मुलं कंटाळतात. पेंटर कंटाळत नाहीत, पण चुकतात, आणि ती चूक आम्हाला कॅमेऱ्यात मिळाली.

माठ उत्तम आला होता. गोलाई बरोबर, गळा बरोबर. सावली उजवीकडे, खाली. सर आले, बघितलं, काहीच बोलले नाहीत. पेंटरचा खांदा धरून त्यांना उठवलं आणि खिडकीपाशी नेलं. खिडकी उजवीकडे होती. प्रकाश उजवीकडून येत होता. माठाची सावली डावीकडे पडलेली होती. सकाळपासून तिथंच होती.

[दृश्य : पेंटर माठाकडे बघताना. नंतर खोडरबर.]

तीस वर्षं सावली हाताला पाठ होती. आता ती रोज डोळ्यांनी शोधायची. कला शिकणं म्हणजे काय, असं कुणी आम्हाला विचारलं तर आम्ही हा एवढा तुकडा दाखवू.

अक्षरलेखनाच्या तासाला मात्र उलटं झालं. सरांनी खडू पेंटरच्या हातात दिला आणि स्वतः शेवटच्या डाँकीवर जाऊन बसले. दोरी निघाली, निळ निघाली. पोरांनी फळ्यावर दोरी मारली, स्वतःच्या कपड्यांवर मारली. लॅपटॉपवर फॉन्ट निवडणारी ही मुलं पहिल्यांदाच 'क्ष' हातानं बांधत होती.

[दृश्य : निळे हात. हसणं. निवेदन नाही.]

पेंटर शहरात एका खोलीत राहतात, गावाकडची अडीच एकर बटईनं दिली आहे, घर पत्नीच्या शिवणकामावर चालतं. सरकारी नोकरीची वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. ती केव्हाच मागे पडली.

मराठवाड्यात आठ जिल्हे, आणि शासनाचं कला महाविद्यालय एकच, छत्रपती संभाजीनगरला. किल्लारीच्या माणसानं तिथं यायचं तर घर सोडावं लागतं. अठराव्या वर्षी ते जमतं. चाळिशीत, पन्नाशीत, कमावत्या माणसाला ते जमत नाही, आणि बाईमाणसाला तर नाहीच. रांगोळीत, गोधडीत, पोळ्याच्या बैलांच्या शिंगांवर ज्यांचा हात चालतो अशी किती माणसं आपल्या गावांत आहेत! लातूरला, नांदेडला, बीडला, परभणीला संध्याकाळचे वर्ग हवेत. ज्याचं सुटलं त्याला पुन्हा बसता येईल असे. ही फिल्म आम्ही त्यासाठी केली आहे, ते लपवायचं कारण नाही.

[दृश्य : अजिंठा. वाघूर नदीचं वळण. मुलांची रांग, हातात स्केचबुकं.]

अभ्यास सहल. शहरापासून शंभर किलोमीटर. लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, म्हणून ही दृश्यं अंधारी दिसतील. डोळे जरा रुळू द्या.

कलाशाळेच्या मुलांनी इथं बसून चित्रं काढणं नवं नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन इथं प्रतिकृती करत होते. त्यातल्या बऱ्याच पुढे लंडनला आगीत जळाल्या. त्यांच्याही आधी, १८४४ मध्ये, मेजर रॉबर्ट गिल आला, तेव्हा तो चाळिशीला टेकलेला होता. उरलेलं आयुष्य त्यानं या भागातच काढलं.

एक नंबरच्या लेण्यात मुलं पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे दाटीवाटीनं उभी आहेत. पेंटर मात्र कोपऱ्यात, जिथं चित्राचा पापुद्रा उडालाय तिथं वाकून बघतायत. तिथं आतलं दिसतं. दगडावर मातीचा थर, त्यात भाताचा कोंडा, झाडपाल्याचे तंतू. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो सुकल्यावर लाल रेघेनं आकार, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी पुन्हा गडद रेघ. रंग इथल्याच मातीचे, गेरू, पिवळी माती, चुना, काजळी. निळा तेवढा दुरून आलेला, अफगाणिस्तानाकडच्या दगडाचा.

पेंटर पुटपुटतात, माईकवर जेमतेम आलंय : "आखणी. भरणी. कड."

[निवेदन नाही. भिंतीवरची गडद रेघ. कॅमेरा तिच्या बाजूनं सरकतो.]

याच लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलेली आहेत. धडं चार, डोकं एक. ज्या हरणाकडून बघाल, त्याचंच ते डोकं वाटतं. पेंटर त्याच्यासमोर चाळीस मिनिटं उभे होते. बसची वेळ झाली तेव्हा मुलांनी हाका मारल्या, "काका, चला ना!" स्केचबुकात हरणांची नऊ पानं भरली होती. करंगळी वर होती.

[दृश्य : हाळी हंडरगुळीचा जनावरांचा बाजार. धूळ, घुंगरं, सौद्याचे आवाज.]

सुट्टीत पेंटर गावाकडे आले आणि तिथून थेट या बाजारात. देवणी गायी. इकडची माणसं त्यांचे तीन प्रकार सांगतात, वानेरा, बालंक्या, शेवेरा. शेवेऱ्याच्या अंगावर काळे ठिपके, आणि एकीचे ठिपके दुसरीसारखे नसतात. लांब लोंबते कान. फर्म्यातल्या गायीचे कान उभे होते.

पेंटर उकिडवे बसलेत. पाठीला लिंबाचं झाड, मांडीवर बोर्ड. चार हातांवर एक शेवेरी गाय, तोंड थेट आमच्याकडे. समोरून बघितलं की गायीची लांबी सगळी आत दडते. कपाळ मोठं, पाठ थोडीशीच, मागचे पाय पुढच्यांच्या आड. "काय काढायलाव, पेंटर?" कुणीतरी विचारतं. उत्तर नाही.

सकाळपासूनचं हे सहावं पान. डोळे आले. कान आले. मागचा उजवा पाय अजून जागेवर येत नाही.

गाय हलली. मालकानं दावं ओढलं, ती डावीकडे वळून उभी राहिली.

पेंटर उठले, बोर्ड काखेत घेतला, वळसा घालून पुन्हा तिच्या समोर जाऊन बसले.

[दृश्य : नवं पान. पहिली रेघ. आवाज बाजाराचा.]