मुहूर्त न निघालेले कायदे

अध्यक्षांनी मघाशी माझी ओळख 'कायद्याचे अभ्यासक' अशी करून दिली. वकिलांमध्ये अभ्यासक म्हणजे ज्याच्याकडे पक्षकार कमी तो. असो.

कायदा अंमलात आला असं नेमकं कधी म्हणायचं, हा आजचा विषय. पण आधी पेट्रोल पंप. 2024 च्या जानेवारीतले पहिले दोन दिवस आठवा. ट्रकवाले संपावर, टँकर थांबलेले, पंपावर ही रांग! मीही स्कूटर ढकलत उभा. पुढचे गृहस्थ हेल्मेट काखेत धरून सांगत होते, "कालपासून नवा कायदा लागू झालाय. धडक देऊन पळालं की दहा वर्षं." म्हटलं, "लागू नाही झाला हो." "पेपरात आलंय!" मग मी रांगेतच वकिली सुरू केली. भारतीय न्याय संहिता, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांचा हा नवा कायदा, संसदेत मंजूर झाली, 25 डिसेंबरला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तिच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ठरवील त्या दिवशी ती लागू होईल. साखरपुडा झालाय, मुहूर्त निघायचाय. गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपण रांगेत का उभे आहोत?"

आता याला कुठलं कलम लावणार?

पुढे मुहूर्त निघाला, 1 जुलै 2024. आणि ज्यावरून एवढ्या रांगा लागल्या, ते कलम 106 चं दुसरं उपकलम तेवढं मांडवाबाहेर ठेवलं!

याच्या उलट गोष्ट हरला नावाच्या माणसाची. जयपूर संस्थानात 1923 साली अफूचा कायदा ठरावाने केला, पण प्रसिद्धच केला नाही. त्याखाली हरलाला 50 रुपये दंड झाला. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. लोकांना कळवलाच नाही, तो कायदा कसला?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ मुद्दा.

केंद्रीय कायद्यात तारीख दिलीच नसेल, तर संमतीच्या दिवशी तो लागू होतो. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम 5. सही संध्याकाळी झाली तरी कायदा आदल्या मध्यरात्रीपासून जागा. माझी तक्रार 'सरकार ठरवील त्या दिवशी' या शब्दांवर आहे, कारण ठरवायला मुदत नाही. वकिलांचा कायदा 1961 चा. देशभर कुठल्याही कोर्टात उभं राहण्याचा हक्क देणारं त्याचं कलम 30 लागू झालं 15 जून 2011 ला. तोवर किती वकील निवर्तले! 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीतलं स्थानबद्धतेला आळा घालणारं कलम 3 तर अजून मुहूर्ताची वाट बघतंय. 1981 मध्ये ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही ते लागू करा असा हुकूम सरकारला द्यायला नकार दिला.

म्हणून कायद्यातच लिहा, दोन वर्षांत तारीख लावली नाही तर आपोआप लागू. यावर आक्षेप येतो की नियम तयार नसतात, यंत्रणा उभी नसते. त्याचं उत्तर आहे माझ्याकडे, पण माईकवाल्याने वायर गुंडाळायला घेतलीय.