डॉलरचं माहेर

नमस्कार. पडद्यावर जे गाव दिसतंय, त्यात रस्ता म्हणावा असा एकच आहे आणि तो चढणीचा आहे. दोन्ही बाजूंनी डोंगर इतके जवळ आलेत की गावाला रुंद व्हायला जागाच मिळाली नाही, ते नुसतं लांब होत गेलं. खालच्या अंगाला महालासारखी दिसणारी हॉटेलं, वरच्या अंगाला जुनी घरं, त्यातली बरीच कुलूपबंद. वस्ती तीन हजारही नाही. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात याहून जास्त माणसं राहतात.

गावाचं नाव याखिमोव. झेक प्रजासत्ताकाच्या वायव्य टोकाला, जर्मनीच्या सीमेला लागून क्रुश्ने होरी नावाची डोंगररांग आहे, तिच्या कुशीत हे वसलंय. कार्लोवी वारी हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिलं असेल. तिथून उत्तरेला वीसेक किलोमीटर. सहलीच्या बस इथे सहसा वळत नाहीत.

१५१६ साली श्टेपान श्लिक नावाच्या सरदारानं इथे गाव वसवलं, कारण जमिनीत चांदी सापडली होती. त्या काळी इथे जर्मन बोलणारे लोक होते आणि गावाचं नाव होतं सांक्ट योआखिम्सथाल. थाल म्हणजे खोरं. संत योआखिमचं खोरं. योआखिम म्हणजे येशूचा आजोबा, मेरीचे वडील. आता गंमत बघा. डोंगराच्या पलीकडे, सॅक्सनीत, वीस वर्षं आधी चांदीचंच दुसरं गाव वसलं होतं. त्याचं नाव आनाबेर्ग. आना ही मेरीची आई. म्हणजे आजी डोंगराच्या त्या बाजूला, आजोबा या बाजूला, आणि लवकरच तिकडे मारियनबेर्गही झालं. खाणीत उतरणाऱ्या माणसाला घरचं कोणीतरी पाठीशी हवं असतं, तेव्हा अख्खं कुटुंबच नकाशावर आणून बसवलं म्हणा ना.

श्लिकनं चांदी नुसती विकली नाही, तिची नाणी पाडली. एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा, म्हणजे आजच्या झेक भागातल्या जुन्या राज्याचा, दोन शेपट्यांचा सिंह आणि राजा लुडविकचं नाव. वजन साधारण २९ ग्रॅम, म्हणजे आपले जवळजवळ अडीच तोळे. तळहातावर ठेवलं तर जाणवेल असं भरभक्कम नाणं. एवढं मोठं चांदीचं नाणं पहिल्यांदा इथेच निघालं, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. ते खरं नाही. ऑस्ट्रियाकडच्या टिरोलमध्ये १४८६ सालीच तसं नाणं निघालं होतं. याखिमोवचं वेगळेपण संख्येत होतं. इथून नाणी इतकी निघाली आणि इतकी लांब गेली की लोकांनी त्या जातीच्या सगळ्याच नाण्यांना या गावाचं नाव देऊन टाकलं. योआखिम्सथालर. बोलताना कोण एवढं लांब म्हणतो? मागचं शेपूट तेवढं राहिलं: थालर. झेक लोकांचा तोलार, डच लोकांचा डाल्डर, इंग्रजांचा डॉलर. १७९२ साली अमेरिकेनं कायदा करून स्वतःच्या चलनाला तेच नाव दिलं. व्हायला हवं होतं उलटं, नाही का? थालर म्हणजे नुसतं ‘खोऱ्यातला’. कोणत्या खोऱ्यातला, ते सांगणारा भाग गळून पडला आणि त्याबरोबर गावही विस्मरणात गेलं.

आणि हा थालर आपल्या मुंबईलाही येऊन गेलाय. ऑस्ट्रियाची महाराणी मारिया तेरेसा हिच्या मुखवट्याचा थालर अरबस्तानात आणि इथिओपियाच्या बाजारात इतका रुळला होता की तिथले व्यापारी दुसरं नाणं हातात धरत नसत. तिच्या मृत्यूनंतरही तो १७८० हेच साल घालून पाडला जात राहिला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना त्या भागात पैसा पोचवायचा होता, तेव्हा हे थालर पाडले गेले ते फोर्टातल्या मुंबईच्या टाकसाळीत. १९४० च्या दशकात, मुंबईत, १७८० सालचं ऑस्ट्रियाचं नाणं! जुनी नाणी गोळा करणाऱ्यांनी सांभाळून असावं, एवढंच सांगतो.

परत गावाकडे येऊ. १५३० च्या दशकात इथे अठरा हजारांच्या आसपास वस्ती होती. बोहेमियात प्राग सोडलं तर एवढं मोठं शहर नव्हतं. श्लिक मात्र ते बघायला उरला नाही. १५२६ साली मोहाचच्या लढाईत तुर्कांशी लढताना राजा लुडविकबरोबर तोही गेला. दोन वर्षांत नव्या राजानं, फर्डिनांडनं, नाणी पाडण्याचा हक्क श्लिकांकडून काढून घेतला आणि १५३० च्या दशकात गावात शाही टाकसाळ बांधली. ती इमारत अजून उभी आहे, आत संग्रहालय आहे. श्लिकांचा फ्रॉयडनश्टाइन किल्ला सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात गेला, त्याचे दोन बुरूज उरलेत. संत योआखिमचं चर्च १५४० पर्यंत पुरं झालं, लूथरच्या पंथासाठी बोहेमियात बांधलेलं पहिलं चर्च. १८७३ च्या आगीत निम्म्याहून अधिक गाव जळालं, त्यात तेही होरपळलं. आज दिसतं ते नंतर सावरलेलं. आगीतून वाचलं ते इस्पितळाचं छोटं चर्च. गावात काही जुनं बघायचं तर आधी तिथे जावं.

याच गावात १५२७ साली एक तरुण डॉक्टर नोकरीला लागला. गेऑर्ग आग्रिकोला. हा सकाळी रोगी बघायचा आणि उरलेला वेळ खाणीत, भट्टीत, पंपांपाशी घालवायचा. मी भूगर्भशास्त्र शिकवत होतो तेव्हा या माणसाचं नाव पहिल्याच तासाला घ्यायचो. खाणीवरचं त्याचं मोठं पुस्तक १५५६ साली, त्याच्या मृत्यूनंतर, निघालं आणि पुढची जवळजवळ दोनशे वर्षं युरोप ते उघडून खाणी खोदत होता. ते १९१२ साली इंग्रजीत आणलं एका खाण अभियंत्यानं आणि त्याच्या बायकोनं. तो अभियंता हर्बर्ट हूवर, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. डॉलरवाल्यांनी परतफेड केली म्हणायची. आग्रिकोलानं लिहून ठेवलंय की कार्पेथियन डोंगरातल्या खाणींपाशी सात-सात नवरे केलेल्या बायका आहेत, सगळे नवरे छातीच्या रोगानं गेलेले. कार्पेथियन इथून दूर, पण याखिमोवचे खाणकामगारही तसेच खोकत मरत होते. खाणीतल्या हवेत काय आहे, हे कळायला आणखी साडेतीनशे वर्षं लागली.

चांदीच्या शिरेत मधूनच एक काळा, चकचकीत, जड दगड लागे. तो लागला की पुढे चांदी संपते, असा अनुभव. कामगार त्याला पेखब्लेंड म्हणत. जर्मनमध्ये पेख म्हणजे डांबर, आणि पेख म्हणजे फुटकं नशीबही. तो दगड शिव्या देत उचलायचा आणि ढिगाऱ्यावर फेकायचा. १७८९ साली बर्लिनच्या क्लाप्रोटनं पेखब्लेंडमध्ये नवं मूलद्रव्य दाखवलं, युरेनियम. त्याचा उपयोग काय? काच रंगवायला! सुंदर पिवळी-हिरवी काच होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला याखिमोवमध्ये रंगाचा कारखाना निघाला. युरेनियम काढून घेतलं की उरलेला चोथा बाहेर पाइनच्या झाडांखाली पडू लागला.

तो चोथा मागितला पॅरिसच्या एका जोडप्यानं. मारी आणि पिएर क्युरी. अख्खं पेखब्लेंड विकत घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. मारीबाईंचा हिशेब साधा: या दगडात युरेनियमपेक्षा जास्त किरण टाकणारं काहीतरी आहे, तर युरेनियम काढल्यावरही ते चोथ्यातच असणार. गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. त्या सरकारनं पहिला एक टन माल फुकट दिला. पोती आली, उघडली, तर तपकिरी भुकटी आणि तिच्यात मिसळलेल्या पाइनच्या सुया. रेडियमची घोषणा १८९८ च्या डिसेंबरातच झाली होती. १९०२ साली, टनांवारी चोथा उकळून, त्यांच्या हाती रेडियमचं शुद्ध क्षार आलं ते ग्रॅमचा दहावा भाग. १९२५ मध्ये मारीबाई स्वतः याखिमोवला येऊन गेल्या.

रेडियमचं नाव झाल्यावर खाणीतलं पाणीही किरणोत्सारी असल्याचं लक्षात आलं. १९०६ साली स्नानं सुरू झाली, ती एका बेकरीवाल्याच्या घरात. सहा वर्षांत ‘रेडियम पॅलेस’ हॉटेल उभं राहिलं.

आता पुढचा भाग. १९३८ मध्ये हिटलरनं हा सगळा सीमाभाग घेतला, १९४५ नंतर इथल्या जर्मन लोकांना बाहेर काढलं गेलं. चारशे वर्षांची वस्ती दोनेक वर्षांत रिकामी. म्हणून ती वरची घरं बंद दिसतात. त्याच १९४५ च्या नोव्हेंबरात चेकोस्लोव्हाकिया आणि सोव्हिएत संघ यांच्यात गुप्त करार झाला. आता सगळ्यांना तोच काळा दगड हवा होता, बाँबसाठी. आधी जर्मन युद्धकैदी खाणीत उतरवले, मग १९४९ पासून कम्युनिस्ट राजवटीनं पकडलेले स्वतःच्या देशातले राजकीय कैदी. पाद्री, शेतकरी, लष्करी अधिकारी, विद्यार्थी. बोहुमिल मोद्री हा आइस हॉकीचा गोलरक्षक दोनदा विश्वविजेत्या संघात होता. १९५० साली संघाला अटक झाली, त्याला पंधरा वर्षांची शिक्षा, आणि तोही याखिमोवच्या युरेनियममध्ये.

छावणीतून खाणीपर्यंत जाताना कैद्यांना एकमेकांना चिकटून उभं करायचे आणि भोवती पोलादी दोर आवळायचे. याला कैदी ‘रशियन बस’ म्हणत. स्वोर्नोस्त खाणीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांना त्यांनी नाव ठेवलं होतं माउटहाउजेन, नाझी छळछावणीवरून. जवळच्या ओस्त्रोवजवळ लाल विटांचा एक मनोरा आहे. तिथे दगड दळून हातांनी पिंपांत भरायचे, तोंडावर फडकंही नाही. त्याला मृत्यूचा मनोरा म्हणतात, २००८ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. २०१९ मध्ये युनेस्कोनं सीमेच्या दोन्ही बाजूंच्या या खाणप्रदेशाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात टाकसाळही आहे आणि हा मनोराही. एकाच यादीत दोन्ही घेतले, हे मला बरं वाटलं.

मागून विचारतायत, की मग त्या पाण्यात लोक अजून बसतात? बसतात. सांधे आणि मणक्याच्या दुखण्याचे रोगी येतात. डॉक्टर ठरवतील तेवढ्या वेळा, मोजून वीस मिनिटं. पाण्यात आणि खाणीतल्या हवेत असतो तो रेडॉन, रेडियमपासून निघणारा किरणोत्सारी वायू. खाणीत वर्षानुवर्षं तो श्वासात घेणं आणि मोजून स्नान करणं यात फार मोठा फरक आहे. तरी मला विचाराल तर केवळ हौसेखातर मी बसणार नाही.

युरेनियमची खोदाई १९६४ मध्ये थांबली. स्वोर्नोस्त खाण तेवढी चालू ठेवली, ती पाण्यासाठी. ही खाण सोळाव्या शतकात चांदीसाठी सुरू झालेली. पाणी मिळतं ते तिच्या बाराव्या मजल्यावर, सुमारे पाचशे मीटर खोल. तिथल्या एका झऱ्याला मारी क्युरींचं नाव आहे, दुसऱ्याला फ्रांतिशेक बेहोउनेक यांचं. हे बेहोउनेक क्युरींचे विद्यार्थी. १९२८ मध्ये उत्तर ध्रुवाजवळ ‘इटालिया’ हे हवाई जहाज कोसळलं, तेव्हा बर्फावर तंबू ठोकून तगलेल्यांपैकी एक. त्यांच्यावर वेगळं व्याख्यान होईल.

पाणी पंपानं वर येतं आणि नळानं थेट स्नानगृहात जातं. साठवून उपयोग नाही. रेडॉन चार दिवसांच्या आत निम्मा होतो, आणि पाणी हलवलं की उडूनही जातो. चांदी इथून युरोपभर गेली, चोथा पॅरिसला गेला, युरेनियम रेल्वेनं रशियाला गेलं. हे पाणी मात्र बाटलीत भरून नेता येत नाही. ज्याला हवं, त्याला या एका रस्त्याच्या गावात येऊन राहावं लागतं.