दरडीच्या पोटातलं गाव

(दृश्य: पहाटेचं धुकं. करडा कडा, त्याला बिलगून बसलेली घरं.)

दरड कोसळली की गाव उठतं. हे गाव मात्र दरड कोसळली म्हणून वसलं.

दक्षिण फ्रान्समधला आव्हेरों जिल्हा. गावाचं नाव रोकफोर-सूर-सूलझों, म्हणजे सूलझोंकाठचं रोकफोर. वस्ती जेमतेम पाच-सहाशे. डोक्यावर कोंबालूचा डोंगर, पायाखाली उतार, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत दाटीवाटीनं उभी घरं. वरचं गाव बघून व्हायला अर्धा तास पुरतो. खरं गाव खाली आहे.

कोंबालूचं वरचं अंग चुनखडीचं, खालचं चिकणमातीचं. चुनखडीतून पाणी झिरपत राहिलं, खालची माती भिजून निसरडी झाली आणि माणसाच्या आठवणीपलीकडच्या काळात डोंगराची कड खचली. ढिगारा सुमारे दोन किलोमीटर लांब. घराएवढ्या शिळा एकमेकींवर कशाही पडल्या. मधल्या पोकळ्यांच्या गुहा झाल्या, आणि त्यांच्यापर्यंत बाहेरची हवा आणणाऱ्या फटी तशाच राहिल्या. या फटींना इथे ‘फ्लरीन’ म्हणतात.

(दृश्य: तळघराची भिंत. फटीला बसवलेलं छोटं लाकडी दार. कुणीतरी ते बोटभर उघडतं.)

फटीशी गाल नेला की गार, ओलसर झुळूक लागते. बाहेर कडक ऊन असो की बर्फ, आत 8 ते 12 अंश. भिंतींना कायम घाम. दार किती उघडायचं, किती लोटायचं, हे तळघराचा जाणता माणूस ठरवतो. गावाची सगळी मिळकत या वाऱ्यावर आहे.

कारण या हवेत एक बुरशी सुखानं नांदते, आणि तिच्यामुळेच गावाच्या नावाचं, निळ्या शिरांचं रोकफोर चीज तयार होतं. तिच्या शास्त्रीय नावातही गावाचं नाव आहे: पेनिसिलियम रोकफोर्ती. पूर्वी ती मिळवायला राय आणि गव्हाचे मोठे पाव गुहेत ठेवून मुद्दाम नासवत. आत हिरवी-निळी बुरशी धरली की वाळवून तिची पूड करायची. एक मेंढपाळ पोरीच्या मागे धावला, गुहेत विसरलेल्या न्याहारीचं चीज झालं, ही गोष्ट गावात प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. ऐकून घ्यावी.

(दृश्य: उघडं पठार. मेंढ्यांचा कळप, दगडी बांधणीचं गोल तळं.)

वरचं लार्झाकचं पठारही चुनखडीचंच. पाऊस पडला की पाणी जमिनीत गडप. म्हणून मेंढ्यांसाठी तळाशी फरसबंदी केलेली तळी बांधली, त्यांना ‘लाव्होन्य’ म्हणतात. अशा जमिनीवर तगली ती लाकोन जातीची मेंढी. तिच्या न तापवलेल्या दुधाचंच रोकफोर होतं.

नाव मोठं झालं तसे नकली मालवालेही आले. 1411 मध्ये राजा सहाव्या चार्ल्सनं गावाला संरक्षणाची सनद दिली. 1666 मध्ये तुलूझच्या न्यायसभेनं नकली रोकफोर विकणाऱ्यांना दंड ठरवला. 1925 मध्ये कायद्यानं नावाला संरक्षण दिलं. 1961 मध्ये मियोच्या न्यायालयानं तर शिक्काच मारला: कोंबालूच्या गुहांत मुरेल तेच रोकफोर.

सनदा पुरुषांनी सांभाळल्या, गुहा बायकांनी. या ‘काबानिएर’ दिवसभर त्या गारठ्यात चीज खरवडायच्या, उलटायच्या, गुंडाळायच्या.

पठाराची आणखी एक कहाणी थेट वर्ध्याला येऊन मिळते. 1971 मध्ये सरकारनं लार्झाकची लष्करी छावणी 3 हजार हेक्टरवरून 17 हजारांवर न्यायचं ठरवलं. रोकफोरला दूध घालणारे शेतकरी बिथरले. त्यांच्यात येऊन 1972 मध्ये लांझा देल व्हास्तो उपोषणाला बसले. हे गांधीजींजवळ वर्ध्याला राहून आलेले, गांधीजींनी ‘शांतिदास’ नाव दिलेले गृहस्थ. 103 शेतकऱ्यांनी जमीन न सोडण्याची शपथ घेतली. त्याच वर्षी 60 मेंढ्या पॅरिसला नेऊन आयफेल टॉवरखाली चारल्या. लढा दहा वर्षं चालला. 1981 मध्ये मितेराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि बेत रद्द झाला.

1999 मध्ये पुन्हा ठिणगी पडली. संप्रेरकं दिलेल्या जनावरांचं मांस युरोप घेईना, म्हणून अमेरिकेनं रोकफोरवर शंभर टक्के आयातशुल्क लावलं. भांडण गोमांसाचं, मार मेंढीच्या दुधाला. ऑगस्टमध्ये झोझे बोव्हे या मेंढपाळाच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी जवळच्या मियो शहरातलं मॅकडोनाल्ड्सचं अर्धवट बांधकाम उचकटून टाकलं. बोव्हे तुरुंगात गेले आणि देशभर गाजले.

(दृश्य: पुन्हा तळघर. ओकच्या फळ्यांवर कडेवर उभ्या ठेवलेल्या पांढऱ्या चकत्या.)

एकेक चकती अडीच-तीन किलोची. सुयांनी टोचून भोकं पाडलेली, म्हणजे हवा आत जाते आणि बुरशी निळी होत पसरते. उघड्या गुहेत निदान चौदा दिवस. मग पातळ पत्र्यात गुंडाळून आणखी थंडीत. एकूण नव्वद दिवसांच्या आत बाजारात नाही.

पारखणारा एक चकती उचलतो. पोकळ सळई आत घालतो, फिरवून बाहेर काढतो. करंगळीएवढी कांडी, पांढरी, मधे निळ्या शिरा. तो आधी वास घेतो. टोकाचा कणभर तुकडा जिभेवर ठेवतो. उरलेली कांडी पुन्हा त्याच भोकात सरकवतो आणि वरून अंगठा फिरवतो. भोक दिसेनासं होतं. चकती परत फळीवर.

(दृश्य: लाकडी दार हळूच लोटलं जातं. अंधार. थेंबांचा आवाज.)