भोक बुजवू नका : शिवारात जखमी झालेल्या कुत्र्याचा पहिला तास

मंडळी, आज जाहीर झालेला विषय मलमपट्टीचा आहे. कुत्रा शिवारात फाटला, डॉक्टर तासाभराच्या अंतरावर, तर आपण काय करायचं? पट्टीपर्यंत मी येणारच आहे. पण आधी मला जखम धुण्याबद्दल बोलायचंय, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

समोर पश्मी आणि कारवान ही सडपातळ, शिकारी जातीची कुत्री पाळणारे बरेच बसलेत, तेव्हा जातीची ओळख करून देत नाही. एक मात्र स्वच्छ सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशामागे, हरणामागे कुत्रं सोडणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा असं माझं मत आहे. पण शिकार सुटली म्हणून या कुत्र्यांच्या जखमा सुटलेल्या नाहीत. रात्री मक्यात, उसात रानडुकराशी गाठ पडते. पळताना काटेरी तार दिसत नाही. वेड्या बाभळीचा काटा पायाच्या गादीत मोडतो. या जातीच्या अंगावर चरबी नाही आणि कातडं पातळ, त्यामुळे गावठी कुत्र्याला जिथे ओरखडा उठतो तिथे यांचं वीतभर कातडं लोंबायला लागतं. ते लोंबणारं कातडं कात्रीनं उडवू नका. ते बहुतेक वेळा जिवंत असतं. धुऊन जागच्या जागी बसवा, ओलं गॉझ ठेवा आणि तसंच डॉक्टरकडे न्या; ते जुळू शकतं.

आता सुळ्याची जखम. डुक्कर खालून वर झटका देतं, म्हणून वार बसतो तो जांघेत, पोटावर, छातीला, गळ्याला. बाहेर दिसतं बोट जाईल एवढं भोक. आत मात्र सुळ्यानं कातडं मांसापासून सोडवलेलं असतं आणि तळहाताएवढी पोकळी तयार झालेली असते. त्या पोकळीत केस, माती, सुळ्यावरची घाण आणि चेंगरलेलं मांस. मालक काय बघतो? रक्त थांबलंय, भोक लहान आहे, कुत्रं शेपूट हलवतंय. मग चिमूटभर हळद दाबली की झालं. वरून खपली धरते आणि सगळे खूश. दोन-तीन दिवसांनी कुत्रं खाणं सोडतं, भोकाच्या खाली पाण्यानं भरल्यासारखी सूज लोंबते, दाबलं की घाण वास येतो. बंद पोकळीत हवा नाही, पुवाला वाट नाही, आणि हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंना नेमकं तेच हवं असतं. कुत्र्याच्या चाव्यातही हेच होतं : वर चार दातांची भोकं, खाली सगळा चेंदा.

हात वर करा, घरात हळद किती जणांकडे आहे? सगळ्यांकडे. ती भाजीत राहू द्या! हळदीशी माझं वैर नाही, पण डब्यातली पूड जंतुविरहित नसते आणि भोकात तिचं बूच बसतं. चुना आणि तंबाखू तेच करतात, वर चुना मांस भाजतो ते वेगळं. जळकं ऑइल आणि फिनाइल तर कुत्रं चाटून पोटात घेतं, म्हणजे जखमेबरोबर विषबाधाही. शिकलेल्या घरांत हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. फेस येतो म्हणून माणसाला समाधान वाटतं. पण पेरॉक्साइड जंतूंइतकंच नव्या पेशींनाही मारतं, आणि खोल भोकात त्याचा वायू रक्तात शिरण्याचा धोका असतो. टाके घालायची हौस असलेलेही इथे आहेत. वेळ झालेली, मातीनं भरलेली जखम वरून शिवणं म्हणजे पू आत कोंडणं. डॉक्टरसुद्धा अशा ठिकाणी खालच्या बाजूला वाट ठेवतात, रबरी नळी बसवतात, मगच वर टाके घेतात.

मग करायचं काय? आधी तोंड बांधा. जीव लावणारं कुत्रंही वेदनेत चावतं. गॉझपट्टीचा फास नाकाड्यावर, गाठ हनुवटीखाली, टोकं कानांमागे नेऊन सरकगाठ. धाप लागली असेल, उलटी होत असेल किंवा छातीवर जखम असेल तर बांधू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून घड्याळानं पाच मिनिटं धरा. मध्येच उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते. कापड भिजलं तर वर दुसरं ठेवा, पहिलं काढू नका.

रक्त थांबल्यावर पाणी. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. यापेक्षा खारट केलं तर चरचरतं आणि पेशी सुकतात. केस कापण्याआधी जखमेत पाण्यात विरघळणारी जंतुविरहित जेली भरा. कापलेले केस तिला चिकटतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. हे न करता कात्री चालवली तर प्रत्येक केस आत जातो. उघड्या जखमेला 20 मिलीची सिरिंज आणि 18 नंबरची सुई, सुई चार बोटं लांब धरून धार मारायची. खोल भोकाला सुई काढून नुसती सिरिंज, हळू, आणि पाणी परत बाहेर यायलाच हवं. आत गेलेलं परत येत नसेल तर थांबा. पोटाच्या किंवा छातीच्या आरपार भोकात पाणी सोडायचंच नाही.

बोटाएवढ्या भोकाला एखादा लिटर पाणी जातं. दोन वाट्यांत आटोपणारे धूत नाहीत, ओलं करतात. पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक वापरायचं तर 10 टक्क्यांचं असल्यास लिटरला 10 मिली, 5 टक्क्यांचं असल्यास 20 मिली. रंग फिक्या चहाचा. बाटलीतलं तसंच ओतलं तर तेही मांसाला झोंबतं. धुतल्यावर भोक उघडं राहू द्या, वर सैल गॉझ.

कुसळाचं एक सांगतो. बोटांमधल्या बेचक्यात ते शिरलं की त्याच्या केसांमुळे पुढेच सरकतं, मागे येत नाही. महिनोन्महिने वाहणारी बारीक जखम दिसली की आधी कुसळ शोधा.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत, आणि पट्टी राहिलीच. पंजाची पट्टी : बोटांच्या बेचक्यांत कापूस, मग कापसाचा थर, मग गॉझ खालून वर, मधल्या दोन बोटांची टोकं बाहेर. टोकं गार पडली, सुजली किंवा नखं पसरली तर पट्टी आवळली आहे, लगेच सोडा. रोज बदला, ओली झाली तर तेव्हाच. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी काही तासांत अंडी घालते. अळ्या पडल्याच तर चिमट्यानं वेचा. टर्पेंटाइन ओतू नका.

घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका. पोटात व्रण होतात, मूत्रपिंड, यकृत जातं. डायक्लोफेनॅक दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात, म्हणून त्यावर तर 2006 पासून जनावरांसाठी बंदी आहे.

थांबायचं नाही, थेट निघायचं ते केव्हा : हिरड्या पांढऱ्या पडल्या, हिरडी दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परतला नाही, छातीच्या भोकातून हवा येते किंवा आतडं बाहेर आलं. हवा येत असेल तर भोकावर प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा लावून धरा; आतडं आत ढकलू नका, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळा. फिरत्या पशुवैद्यकीय गाडीसाठी 1962 हा फोन नंबर लावा.

कोल्हा, लांडगा, मुंगूस किंवा मोकाट कुत्रं चावलं असेल तर साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, हातमोजे घालून. वर्षाची रेबीजची लस झाली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. तुमच्या हाताला चीर असेल आणि लाळ लागली असेल तर तुम्हीही दवाखान्यात जा.

आणि भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना कुत्र्याचं वजन आणि जात आधी सांगा. थायोपेंटोनसारखी भुलीची औषधं या सडपातळ कुत्र्यांच्या शरीरातून फार सावकाश उतरतात.